काजव्यांचा म्होरक्या कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. रतनवाडीच्या वाटेवर एका सादड्याच्या झाडावर हजारो काजवे होते आणि अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. यांचा कोणी म्होरक्या असतो का? तो इशारा देतो आणि बाकीचे ऐकतात, असं काही? मी बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलंय. आमच्या विषयात अशा गोष्टींचा अभ्यास होतो, की हे प्राणिशास्त्रवाल्यांचं काम?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलंय. हो, होतो. गेली सत्तावीस वर्षं मी हेच शिकवतोय आणि यावरच प्रयोग करतोय: आपापल्या लयीत चाललेल्या दोन किंवा दोन हजार गोष्टी एकमेकींना किंचित धक्का देऊ लागल्या की पुढे काय होतं. लंबक, मेणबत्त्या, रंग बदलणारी रासायनिक मिश्रणं, हृदयाच्या पेशी, वीजनिर्मितीची जनित्रं. इंग्रजीतून आलेला शब्द सिंक्रोनायझेशन. मी वर्गात 'लय जुळणं' म्हणतो, तेवढं पुरतं.

आता म्होरक्या. कायमचा म्होरक्या नसतो. हे कशावरून, ते नीट सांगायला जरा मागे जावं लागेल.

झाडभर काजवे एका लयीत लुकलुकतात ही गोष्ट पाश्चात्त्य विद्वानांना फार वर्षं पटत नव्हती. एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन वैद्य १६९० साली सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला होता. तिथल्या नदीकाठच्या झाडांवर त्याने हा प्रकार पाहिला आणि लिहून ठेवला. तरी १९१७ साली फिलिप लॉरेंट नावाच्या गृहस्थांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की काजवे एकत्र लुकलुकत नाहीत, बघणाऱ्याच्या पापण्या फडफडतात म्हणून तसं वाटतं. किड्यांमध्ये असं काही घडणं त्यांना निसर्गनियमांच्या विरुद्ध वाटत होतं. त्यांचा अविश्वास मी समजू शकतो. संचालक नसताना वाद्यवृंद जुळलेला ऐकला तर आपणही आधी आपल्या कानांवर संशय घेऊ.

हा वाद मिटवला जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने. १९६०च्या दशकात ते थायलंडला गेले, नदीकाठचे काजवे पकडले आणि बँकॉकमधल्या हॉटेलच्या आपल्या खोलीत अंधार करून सोडून दिले. काजवे भिंतींवर, छतावर जाऊन बसले. सुरुवातीला जो तो आपल्या मनाने लुकलुकत होता. थोड्या वेळाने जवळजवळ बसलेल्या दोघांची लय जुळली. मग तिघांची. मग दहा-बारा जणांचा एक गट एकदम पेटू लागला. जुळणी अशी शेजाऱ्यापासून सुरू होऊन पसरत गेली. कोणी एक जण पुढे झाला आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकलं, असं तिथे दिसलं नाही. पुढे कृत्रिम दिव्यासमोर काजवा ठेवूनही प्रयोग झाले. दिव्याचा ताल काजव्याच्या स्वतःच्या तालाच्या जवळपास असेल तर तो स्वतःला जुळवून घेतो. दिवा फारच जलद किंवा फारच सावकाश ठेवला तर काजवा त्याचा नाद सोडून देतो. म्हणजे त्याच्या आत स्वतःचं एक घड्याळ आहे, आणि शेजारचा उजेड दिसला की ते घड्याळ तो थोडं पुढेमागे सरकवतो.

हे सरकवणं कसं होत असेल? मी मुलांना हंड्याचं उदाहरण देतो. समजा वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात एकेक हंडा आहे, त्यावर नळ सोडलेला आहे, आणि हंड्याच्या बुडाला बारीक भोक आहे. हंडा रिकामा असताना पाणी भराभर चढतं. जसजसा भरतो तसतसा भोकावरचा दाब वाढतो, गळती वाढते, आणि पाणी चढायचा वेग मंदावतो. काठोकाठ भरला की हंडा पूर्ण उलटतो आणि पुन्हा शून्यापासून भरू लागतो. उलटणं म्हणजे काजव्याचं चमकणं. आता नियम एकच: कोणाचाही हंडा उलटला की बाकी सगळ्यांच्या हंड्यात एकेक तांब्या पाणी पडतं. ज्याचा हंडा जवळजवळ भरत आलाय त्याला हा तांब्या मोठा लाभाचा, कारण शेवटचा तेवढा भाग भरायला एरवी बराच वेळ लागला असता. कदाचित त्या तांब्यानेच त्याचा हंडा तिथल्या तिथे उलटेल, आणि तो पहिल्याला जाऊन मिळेल. ज्याचा हंडा नुकताच रिकामा झालाय त्याचा मात्र फारसा वेळ वाचत नाही. तो काठाजवळचा फरक आणि हा तळाजवळचा फरक, एवढ्याच भांडवलावर सगळा वाडा हळूहळू एकाच वेळी उलटू लागतो. चार्ल्स पेस्किन यांनी १९७५ साली हे गणित हृदयाच्या पेशींसाठी मांडलं होतं. १९९० साली रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी सिद्धता दिली की हंडे सारखे असतील आणि प्रत्येकाचा तांब्या प्रत्येकाला मिळत असेल, तर हंडे कितीही असोत आणि सुरुवात जवळपास कुठूनही होवो, शेवटी सगळे एकदम उलटणारच. पाणी एका चालीने चढत असतं, म्हणजे भोक नसतं, तर ही सिद्धता उभी राहिली नसती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. गळती आहे म्हणून लय जुळते, हे मनाला पटायला वेळ लागतो.

काजवे जिवंत आहेत, त्यांना डोळे आहेत, एकमेकांना पाहून ते काहीतरी करत असतील, असं मनात येतंच. म्हणून आता निर्जीव वस्तूंकडे वळतो.

फेब्रुवारी १६६५. क्रिस्तियान हॉयगेन्स, ज्याने लंबकाचं घड्याळ बनवलं तो, आजारी पडून अंथरुणावर होता. समोर त्याचीच दोन घड्याळं एकाच आधाराला टांगलेली. समुद्रावर रेखांश मोजायला ती बनवली होती. दोन अशासाठी, की एक बंद पडलं तर दुसरं चालू राहावं. त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी बरोबर विरुद्ध हेलकावे घेताहेत: हा डावीकडे तेव्हा तो उजवीकडे. आणि मग त्याने ती गोष्ट केली जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावतो. त्याने ती लय मुद्दाम मोडली. अर्ध्या तासाच्या आत लंबक पुन्हा तसेच, विरुद्ध दिशांनी झुलायला लागले. आधी त्याला वाटलं, लंबकांनी हलणाऱ्या हवेमुळे हे होत असेल. मध्ये आडोसा धरून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी त्याने कारण पकडलं: दोघांना धरून ठेवणारी तुळई. लंबक प्रत्येक झोक्याला तुळईला डोळ्यांना न दिसणारा धक्का देतो आणि तो दुसऱ्याला पोचतो. दोघे एकाच दिशेने झुलले तर तुळई जास्त हलते आणि घर्षणात त्यांची ऊर्जा जाते, म्हणून ती चाल टिकत नाही. विरुद्ध झुलले तर धक्के एकमेकांना छेद देतात, तुळई स्थिर राहते आणि ही चाल टिकते.

हे घरी करून बघता येतं. संगीताच्या दुकानात किल्लीचे मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत ताल धरून देणारी छोटी यंत्रं, मिळतात. मोबाइलमधला चालणार नाही, खराखुरा हलणारा दांडा हवा. शीतपेयाचे दोन रिकामे डबे आडवे ठेवा, त्यावर हलकी फळी, फळीवर एकाच तालाला लावलेले दोन मेट्रोनोम. एक आधी सोडा, दुसरा जरा उशिरा. थोड्या वेळात दोघांची टिकटिक एक होते आणि फळी डब्यांवर किंचित मागेपुढे घसरताना दिसते. इथे मात्र दोघे एकाच दिशेने झुलतात, हॉयगेन्सच्या घड्याळांसारखे विरुद्ध नाही. फळी हलकी, सहज सरकणारी. त्याची घड्याळं जड, शिशाच्या वजनांनी भरलेल्या पेट्यांतली. वस्तू तीच, जोडणी बदलली, निकाल उलटा. फळी डब्यांवरून उचलून टेबलावर ठेवली की लय हळूहळू सुटते. कान देऊन ऐका. तो सुटत जाणारा आवाज ऐकण्यासारखा असतो.

आता दोनांवरून हजारोंवर जाऊ. आर्थर विनफ्री यांनी १९६७ साली आणि क्योतोच्या योशिकी कुरामोतो यांनी १९७५ साली याचं गणित मांडलं. कुरामोतोंचं समीकरण एका ओळीचं आहे. तुमच्या बीएस्सीच्या गणिताला पेलण्यासारखं आहे, म्हणून शब्दांत सांगतो. एका वर्तुळाकार मैदानावर खूप माणसं धावताहेत. प्रत्येकाचा स्वतःचा एक वेग. शिवाय प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघतो. इतर पुढे असतील तर जरा जोर लावतो, मागे असतील तर जरा आवरतं घेतो. हा ओढा दोघांमधल्या कोनाच्या साइनइतका: बरोबर असताना शून्य, पाव फेरीचं अंतर असताना सर्वांत जास्त. या ओढ्याची ताकद ठरवणारा एक आकडा असतो, त्याला आपण जोडणीची ताकद म्हणू.

ही ताकद शून्यापासून हळूहळू वाढवत नेली तर लयही हळूहळू वाढत जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बराच वेळ काहीच होत नाही, सगळे विखुरलेलेच. एका ठरावीक मर्यादेवर मात्र मधल्या वेगाच्या लोकांचा एक घोळका अचानक तयार होतो, आणि त्यापुढे ताकद वाढेल तसे दोन्ही टोकांकडचे त्यात ओढले जातात. फार जलद आणि फार सावकाश धावणारे शेवटपर्यंत बाहेर राहतात. लोकांच्या मूळ वेगांमध्ये जितका पसारा जास्त, तितकी ही मर्यादा वर. पाण्याचा बर्फ होताना किंवा तापलेलं लोखंड थंड होताना चुंबकत्व धरतं तेव्हा जे गणित दिसतं, त्याच घराण्यातलं हे आहे. भौतिकशास्त्रवाले काजव्यांपाशी येऊन पोचतात ते याच वाटेने.

तुमच्या छातीत या क्षणी हेच चाललंय. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, वरच्या बाजूला, सुमारे १०,००० पेशींचा एक पुंजका आहे. त्यातली प्रत्येक पेशी एकटी ठेवली तरी आपापल्या तालात विद्युत ठोका देते. त्यांच्यात मुख्य पेशी कोणी नाही. शेजारशेजारच्या पेशींच्या भिंतींमध्ये सूक्ष्म मार्ग असतात, त्यांतून विद्युतभारित कण इकडून तिकडे जातात, आणि या धक्क्यांवर सगळ्या मिळून एक ठोका ठरवतात. कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशी वेगळ्या करून बशीत वाढवल्या तर सुट्या असताना त्या आपापल्या तालात धडधडतात आणि दोन पेशी एकमेकींना चिकटल्या की बरोबर धडधडू लागतात. सूक्ष्मदर्शकातून हे बघितलेल्या माणसाला म्होरक्याची गरज वाटेनाशी होते.

इथपर्यंत सगळं छान जुळून आलं. आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तरुण मुलं इथेच घसरतात. हे एकच समीकरण काजव्यांना लागू, हृदयाला लागू, म्हणजे लयीत हलणारं काहीही दिसलं की तिथे हेच चाललंय, असा समज पटकन होतो. माझाही होता. लंडनच्या पुलाने तो दूर केला.

टेम्स नदीवरचा मिलेनियम पूल, पायी जाणाऱ्यांसाठीचा, १० जून २००० रोजी खुला झाला. गर्दी लोटली आणि पूल आडवा डोलू लागला. जवळपास ७ सेंटिमीटरपर्यंत. लोक कठडे धरून, पाय फाकवून चालत होते, आणि चित्रफितीत दिसतं की पुष्कळांची पावलं एकाच वेळी पडताहेत. दोन दिवसांत पूल बंद. नंतर अभियंत्यांनी चाचणी घेतली, माणसं थोडी थोडी वाढवत. १५६ माणसांपर्यंत पूल शांत होता. आणखी १० जण आले आणि डोलणं एकदम वाढलं. शेवटी कंपनं शोषणारे डॅम्पर बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला.

मर्यादा आली म्हणजे कुरामोतो आलाच. २००५ साली 'नेचर'मध्ये त्या धर्तीचं स्पष्टीकरण प्रसिद्ध झालं: पूल ही हॉयगेन्सची तुळई, चालणारी माणसं हे लंबक, त्यांची पावलं जुळली म्हणून पूल डोलला. मी स्वतः बरीच वर्षं वर्गात हेच शिकवलं, मोठ्या उत्साहाने. पण पुढे मोजमापं वाढली आणि चित्र बदललं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवलं की पावलं जुळायची गरजच नाही. हलत्या जमिनीवर चालणारा माणूस तोल सावरायला पाऊल जरा बाजूला टाकतो, आणि त्या सावरण्यात, त्याचा ताल कोणताही असो, सरासरीने थोडी ऊर्जा पुलाला देतो. प्रत्येक माणूस पुलाची स्वतःहून शांत होण्याची क्षमता थोडी कमी करतो. पुरेशी माणसं झाली की ती क्षमता शून्यावर येते आणि पूल डोलू लागतो. पावलं जुळली असतील तर ती त्यानंतर, डोलण्याचा परिणाम म्हणून. कारण समजून आपण परिणामाला धरून बसलो होतो. त्या वर्षी वर्गात मी आधीच्या तुकड्यांना काय सांगितलं होतं ते स्पष्ट सांगून दुरुस्त केलं.

काजव्यांच्या बाबतीतही असंच नवं काही समोर आलंय, आणि तुमच्या म्होरक्याच्या प्रश्नाला ते थेट भिडतं. अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी पर्वतरांगांत 'फोटिनस कॅरोलिनस' जातीचे काजवे आहेत. ते सगळे मिळून काही चमक मारतात, मग पूर्ण अंधार, मग पुन्हा चमक, साधारण १२ सेकंदांचा फेरा. ओरिट पेलेग, राफाएल सारफाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काजवे जंगलातच तंबूत ठेवून चित्रित केले, आधी एकेक, मग थोडे थोडे वाढवत. एकट्या काजव्याला ठरलेला ताल नव्हताच! कधी काही सेकंदांनी चमकायचा, कधी कित्येक मिनिटं गप्प. संख्या वाढत गेली तसा मात्र १२ सेकंदांचा नियमित ताल उमटू लागला. २०२३ साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं स्पष्टीकरण असं: चमकून झाल्यावर प्रत्येक काजव्याला थोडी विश्रांती लागतेच. त्यानंतर तो कधी चमकेल ते अनिश्चित, पण दुसरा चमकलेला दिसला की तोही लगेच चमकतो. एकटा असेल तर वाट कितीही लांबते. खूप जण असतील तर विश्रांती संपताच कोणी ना कोणी चमकतोच, आणि त्याच्यामागून सगळे. म्हणून फेरा ठरावीक होतो.

यात दर फेऱ्याला एक जण पहिला असतो. पण तो योगायोगाने पहिला, आणि पुढच्या खेपेला दुसराच कोणी. हंड्यांच्या गणितात प्रत्येकाला स्वतःचा ताल होता. इथे ताल कोणा एकाचा नाहीच, तो समूहात तयार होतो. बँकॉकचे काजवे वेगळे, स्मोकीचे वेगळे. सह्याद्रीतले काजवे यांतल्या कोणत्या पद्धतीने जुळतात, ते त्यांच्यावर असेच प्रयोग करून पाहावं लागेल. उजेड दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मोजमापाबद्दलही सांगतो, कारण तुम्ही मोबाइलवर चित्रण केलं असणार. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने घाटघरच्या बाजूला काजव्यांचं झाड चित्रित केलं आणि आनंदाने आलेख घेऊन आला: झाडाची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळलेली. आम्ही दोघंही हरखलो. मग फ्रेममागून फ्रेम बघत गेलो. कोपऱ्यात लांबवर एका घराच्या पडवीतला बल्ब दिसत होता. सहज त्याचाही आलेख काढला, तर बल्बही काजव्यांच्या लयीत उजळत-मंदावत होता. बल्ब काही काजव्यांशी लय जुळवत नाही. झालं होतं असं: अंधार वाढला की मोबाइलचा कॅमेरा आपोआप अख्ख्या चित्राचा उजेड वाढवतो आणि उजेड आला की कमी करतो, त्यामुळे सगळ्या चित्राला एक खोटी लय मिळाली होती. तो पोर रडवेला झाला होता. मी त्याला सांगितलं की हा बल्ब पकडलास हेच तुझं या वर्षीचं खरं काम. तेव्हापासून आमच्याकडे रात्रीचं कुठलंही चित्रण करताना एक्सपोजर हाताने पक्कं करतात आणि चौकटीत एक स्थिर दिवा मुद्दाम धरतात.

दुसरा सापळा याहून सूक्ष्म आहे. वेगवेगळ्या खोल्यांतली दोन भिंतीवरची घड्याळं तासभर बघा, टिकटिक जुळलेलीच दिसेल. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त दोघांचा ताल जवळजवळ सारखा आहे. नुसतं बघून खरी जुळणी ओळखता येत नाही. हॉयगेन्सने केलं ते करावं लागतं: लय मोडायची आणि ती परत येते का, किती वेळात येते, ते पाहायचं.

लय जुळणं नेहमी हितकारकच असतं, असंही नाही. अपस्माराच्या झटक्यात मेंदूतल्या पेशी नको तितक्या एकलय होतात. उलट विजेच्या जाळ्यात लय सुटली की अंधार होतो. देशभरातली जनित्रं ५० हर्ट्झच्या एकाच तालात बांधलेली असतात. ३० जुलै २०१२च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर ही भाराखाली असलेली वाहिनी बंद पडली आणि उत्तरेचं जाळं लय सोडून कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली, सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढा भाग. आपलं पश्चिमेचं जाळं तेव्हा तरलं. दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ला, रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. त्या दिवशी सोलापूरच्या शिवारावरून जाणाऱ्या त्या तारा हॉयगेन्सची तुळई झाल्या, असं मी मुलांना सांगतो, आणि मला ते मनापासून सुंदर वाटतं.

भोरड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हिवाळ्यात सोलापूर-उजनीकडे त्यांचे थवे संध्याकाळी आभाळात धुरासारखे वळतात ते पाहिलं असेल तर तिथेही म्होरक्या शोधू नका. रोममध्ये त्यांच्याच जातभाईंच्या थव्यांची त्रिमितीय छायाचित्रं काढून २००८ साली दाखवलं गेलं की प्रत्येक पक्षी साधारण ६-७ शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. ते शेजारी जवळ असोत की लांब, मोजणी संख्येची, अंतराची नाही. म्हणून ससाणा घुसल्यावर थवा ताणला गेला तरी तुटत नाही.

तुम्हाला या वाटेने यायचं असेल तर पुस्तकाआधी प्रयोग करा. तीन मेणबत्त्या एकमेकींना चिकटवून पेटवा. एकटी मेणबत्ती शांत जळते. तिघींची एकत्र ज्योत मात्र सेकंदाला साधारण १० वेळा फडफडते. असे दोन जुडगे करा आणि दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. दोन्ही ज्योती एकदम उंचावतील. जुडगे आणखी थोडे लांब सरकवा, आता एक वर तर एक खाली. आणखी लांब, आणि दोघी सुट्या. जपानी शास्त्रज्ञांनी २००९ साली हे नीट मोजून प्रसिद्ध केलं. सामान वाण्याकडे मिळतं. वारं येऊ देऊ नका, खिडकी बंद, पंखा बंद. दुसरा प्रयोग कापराचा. कापराचा तुकडा पाण्यावर टाकला की गरगर फिरतो, हे देवघरात आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुंबईच्या आयआयटीत पुनीत परमानंद यांच्या प्रयोगशाळेत कापराच्या अशाच फिरत्या पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून त्यांची लय कशी जुळते, यावर चांगलं काम झालंय. भांडं मात्र अगदी स्वच्छ घ्या. तेलाचा अंश असेल तर कापूर जागचा हलत नाही.

आणि पुढच्या जूनला पुन्हा जा, पहिला मोठा पाऊस लागायच्या आत. गाडीचे दिवे गावातच बंद करा आणि तिथून चालत जा. टॉर्चला लाल कागद लावा, फ्लॅश वापरू नका. माझी ही विनवणी आहे. शेजाऱ्याचा उजेड दिसणं हीच काजव्यांची जोडणी. गाडीच्या दिव्याचा एक झोत आला की झाडाची लय फुटते, नराची चमक मादीला दिसत नाही, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी असतात मोजक्याच रात्री. तुमच्या आधी कोणी तसा झोत टाकलाच, तर चिडून झाल्यावर घड्याळ लावा आणि झाड पुन्हा एकलय व्हायला किती वेळ लागतो ते वहीत लिहून ठेवा.

मग झाडासमोर अर्धा तास बसा आणि एकच गोष्ट बघा. उजेड नीट पाहिला तर तो पूर्ण झाडावर अगदी एका क्षणी येत नाही. कुठूनतरी सुरू होतो आणि लाटेसारखा पसरतो. झाडाचे मनात चार भाग करा, आणि प्रत्येक वेळी लाट कोणत्या भागातून निघाली तिथे वहीत एक रेघ मारा. शंभर रेघा झाल्या की मोजा. म्होरक्या असेल तर बहुतेक रेघा एकाच चौकटीत पडतील. वही मला पाठवा, मलाही बघायची आहे.